मोठा, पण जड नव्हे

माझ्या उजव्या हातानं फेकलेला चेंडू एकदा मुठेकाठच्या मैदानावरून सुटला तो थेट पलीकडच्या काठावर वाळत घातलेल्या धोतरात जाऊन बसला, आणि धोतराचे मालक तो परत द्यायला पुलावरून चालत आले तोवर आमचा सामना संपून पुढच्या दोन शाळांचा सुरू झाला होता. याला चार साक्षीदार होते. तिघी वारल्या, चौथीला ऐकू येत नाही, तेव्हा तुम्हाला माझ्या शब्दावरच भागवून घ्यावं लागेल. आमच्या घरात कामांची वाटणी होती. आईकडे स्वयंपाक, अण्णांकडे पुस्तकबांधणी, धाकट्या कुंदाकडे अभ्यास आणि माझ्याकडे थापा. मी शाळेतून आले की आई तव्यावरची भाकरी उलटता उलटता विचारायची, "काय विजाबाई, आज पेठेत कोण मेलं, कोण पळालं, कोणाच्या मोरीत मगर निघाली?" मग मी सांगायची. आई हसायची, अण्णा मिशीतल्या मिशीत ऐकायचे, आणि कोणी काही मनावर घ्यायचं नाही. कुंदा सोडून. ती माझ्याहून दोन वर्षांनी लहान, आणि तिला माझं सगळं खरं वाटायचं. एकदा मी तिला सांगितलं की येरवड्याच्या तुरुंगाची भिंत दर अमावास्येला एक वीत वाढते. तर ही पोरगी दप्तरात फूटपट्टी घालून भिंत मोजायला एकटी चालत निघाली. बंडगार्डनच्या पुलावरून अण्णांनी तिला सायकलच्या दांड्यावर घालून परत आणलं. मला तेव्हा त्याची फार गंमत वाटली होती. आपल्या थापेवर कोणी एवढी पायपीट करतं म्हणजे काय कमी झालं?

नारायण पेठेत आमच्या दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीत अण्णांचं बाइंडिंग आणि मागच्या खोलीत आम्ही, असं म्हणायची पद्धत; प्रत्यक्षात बाइंडिंग दोन्ही खोल्यांत आणि आम्ही उरलेल्या जागेत. पुठ्ठ्यांच्या चळतीवर मी लहानाची मोठी झाले. लोकांच्या घरात सकाळी फोडणीचा वास येतो, आमच्या घरात खळीचा यायचा. मैदा शिजवून, त्यात किडे लागू नयेत म्हणून मोरचूद घालून अण्णा ती चिकट खळ करायचे आणि आई ओरडायची, "अहो, माझं पातेलं!" भिंतीला लागून दातारकाकांचा छापखाना होता. त्यांचं पायानं चालवायचं ट्रेडल मशीन दिवसभर खटक्-धुम्म, खटक्-धुम्म करायचं, आणि आमचे पाढे, आरत्या, भांडणं सगळी त्याच ठेक्यात व्हायची. रविवारी ते बंद असलं की आईचा वरणाचा अंदाज चुकायचा. मुंबईच्या पुढे जग आहे हे आम्ही पुस्तकांच्या पाठीवर वाचून जाणत होतो. अण्णांनी आम्हा दोघींना शिलाई शिकवली होती. दाभणानं भोकं पाडायची, दोऱ्याला मेण लावायचं, टाका ओढताना श्वास सोडायचा. मुलगे नाहीत म्हणून शिकवली असं शेजारचे म्हणत, अण्णा म्हणत, "हात आहेत म्हणून शिकवली."

शाळेत आम्हाला मोघे सर होते. ते मुलींच्या शाळेत कसे आले, हे मी तीन निरनिराळ्या प्रकारे सांगत असे आणि त्यातला एकही खरा नव्हता. सडपातळ, पांढरी विजार, गळ्यात शिट्टी, आणि जीभ अशी की अडकित्त्याला लाज वाटावी. सॉफ्टबॉल हा खेळ पुण्यातल्या शाळांमध्ये तेव्हा नुकता रुळत होता. यात चेंडू फेकणारी मुलगी, म्हणजे पिचर, हात खांद्यापासून रहाटासारखा पूर्ण गरगर फिरवून चेंडू कमरेखालून सोडते. मला हे लगेच जमलं, कारण एवढा मोठा हातवारा करण्याची मला जन्मापासून सवय होती. दोन वर्षं मी शाळेची एक नंबरची पिचर होते. सरांनी माझं कौतुक कधी केलं नाही, पण मला शिव्या द्यायला ते सर्वांत आधी यायचे, आणि तो मान मी ओळखून होते. "शिंत्रे, तू चेंडू फेकतेस की टाकतेस? टाकायचाच असेल तर कचऱ्याची कुंडी कोपऱ्यावर आहे."

मग कुंदा आठवीत आली आणि माझ्यामागून मैदानावर आली. पहिल्या दिवशी तिनं चेंडू हातात घेतला, त्याच्याकडे गणित बघावं तसं बघितलं आणि हात फिरवला. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात असा बसला की मोजा हललाही नाही. सरांनी तिला आणखी दहा फेकायला लावले. दहाही तिथेच. सरांनी शिट्टी तोंडातून काढली, पुसली, आणि म्हणाले, "उद्यापासून सहाला ये." मला दोन वर्षांत त्यांनी सहाला बोलावलं नव्हतं. घरी येताना कुंदा माझा हात धरून नाचत होती, "ताई, तुझ्यासारखंच केलं ना मी? तुझ्यासारखंच?" मी म्हटलं, "हो, बरं जमलं." एवढंच. लोक म्हणतात माझी जीभ कधी कमी पडत नाही.

एक दिवस मोघे सर आमच्या घरी आले. कुंदा दळण घेऊन गिरणीत गेली होती. मी आतून चहा घेऊन येत होते, म्हणून मला सगळं ऐकू आलं. ऐकू आलं नसतं तर आज हे लिहायला मी बसले नसते.

"अहो शिंत्रे," सर म्हणाले, "तुम्ही पुस्तकं बांधता, चेंडू बांधाल का?"

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "चेंडवाला पानं किती?"

"चेष्टा नाही. मला नेहमीपेक्षा मोठा चेंडू हवा आहे. बाजारात मिळत नाही, सगळी बुधवार पेठ पालथी घातली. पोरी चेंडू मुठीत दडपून फेकतात. मोठा मुठीत मावत नाही, झक मारत बोटांच्या टोकांवर धरावा लागतो, मनगटातून सोडावा लागतो. दोन महिने मोठा फेकला की नेहमीचा हातात लिंबासारखा बसतो."

"आणि वजन?"

"वजन वाढता कामा नये. हे मात्र नीट ध्यानात ठेवा. मोठा, पण जड नव्हे. वाढत्या वयाच्या पोरी आहेत. जड झाला की खांदा जातो, आणि एकदा गेला की गेला."

अण्णांनी आठ दिवस त्या चेंडूचा ध्यास घेतला. कागदाची कातरण भिजवून, पिळून, खळीत मळून त्यांनी आतला गोळा केला, तो उन्हात वाळवला, वर सुती दोरा गुंडाळला आणि सगळ्यात वर जुन्या वह्यांसाठी आणलेलं पांढरं चामडं दोन पाकळ्या कापून शिवलं. टाके असे की मुंगीनं पायऱ्या म्हणून वापरावे. चेंडू केवढा होता म्हणाल तर पपनसाएवढा. मी शाळेत कलिंगडाएवढा सांगितला होता. हातात घेतला की फसगत व्हायची, एवढा मोठा आणि इतका हलका. सरांनी तो वर उडवला, झेलला, आणि म्हणाले, "बरा आहे." अण्णा त्या दोन शब्दांवर महिनाभर जगले.

सर कारणं सांगणारे नव्हते. मुलींना त्यांनी एवढंच सांगितलं, "रोज शंभर. हा मोठा." का, कशासाठी, वजनाचं काय, काही नाही. पुण्यात तेव्हा शिकवणारा कारण सांगत नसे आणि शिकणारा विचारत नसे, आणि दोन्ही बाजूंना त्यात सभ्यपणा वाटायचा. चेंडू आमच्याच घरी राहायचा, फडताळावर, चिवड्याच्या डब्याशेजारी. कुंदानं त्या चेंडवावर जीव टाकला. तिची बोटं लांब होती, खळीनं फाटलेली, आणि त्या बोटांवर तो चेंडू असा टेकायचा जसा काही तिच्यासाठीच वाढला होता. महिन्याभरात ती इतकी पुढे गेली की मी फेकायला लागले की मुली पाणी प्यायला जायच्या.

मग राज्याच्या संघाची निवडचाचणी जाहीर झाली. निवडलेल्या मुली जबलपूरला खेळायला जाणार. आमच्या शाळेतून दोन पिचर चाचणीला, कुंदा आणि मी. घेणार फार तर एक. कोणाला घेणार हे सरांच्या शिपायालाही माहीत होतं. त्या संध्याकाळी आईनं मटकीची उसळ केली होती आणि कुंदाच्या ताटात दोनदा वाढली. दातारकाका पेढे घेऊन आले आणि पुडा कुंदाच्या हातात दिला. "आमच्या भिंतीपलीकडची पोरगी जबलपूरला निघाली!" अजून चाचणी व्हायची होती. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं. आमच्या घरात जेवताना माझ्याकडे बघत नाहीत असं कधी झालं नव्हतं.

मी म्हटलं, "तो मोठा चेंडू म्हणजे काहीच नाही. मार्थाचं वाचलंय का कोणी?"

"कोण गं मार्था?" कुंदानं घास तसाच धरला.

अण्णांकडे एका वाचनालयाचे जुने अमेरिकन मासिकांचे गठ्ठे बांधायला आले होते. त्यात एका मुलीचं चित्र होतं, हात वर केलेला, दात पांढरेशुभ्र. मी ते चित्र कुंदाला काढून दाखवलं आणि सुटले. ही मार्था. अमेरिकेतली पहिल्या नंबरची पिचर. शेतकऱ्याची पोर. ती मोठ्या बॉलमध्ये शिसं भरून फेकते, रोज दोनशे. पहिले काही दिवस हात दुखतो, मग आत हाड नवं येतं, लोखंडासारखं. मग ती साधा बॉल हातात घेते तेव्हा कॅचरच्या मोज्यातून धूर निघतो. तीन कॅचर दवाखान्यात आहेत. आई हसून लोळली. "तीनच? तुझ्या मानानं कमीच गं!" दातारकाका म्हणाले, "धूर पांढरा की काळा?" सगळे पुन्हा माझ्याकडे बघत होते. उसळ मला एकदम चविष्ट लागली. कुंदा हसली नाही. ती त्या चित्राकडे बघत होती.

पुढे मॅट्रिकनंतर मला थोडं इंग्रजी आलं तेव्हा मी तो गठ्ठा वाचनालयात जाऊन शोधला. ते साबणाच्या जाहिरातीतलं चित्र होतं.

आठवड्याभरानं मी चिवड्याचा डबा काढायला फडताळात हात घातला आणि चेंडू सरकवायला गेले, तर तो सरकेना. दोन्ही हातांनी उचलला. पाट्यावरचा वरवंटा उचलावा तसा. मी तिथेच उभी राहिले. मागून कुंदा आली, तिनं पटकन चेंडू माझ्या हातातून घेतला आणि ओठांवर बोट ठेवलं. दातारकाकांच्या छापखान्यात मोडक्या खिळ्यांचा डबा असायचा. खिळे म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, झिजली की वितळवायला बाजूला टाकत. त्यातले तिनं ओंजळी-ओंजळीनं आणले होते, अण्णांचे टाके उसवून, आतली कातरण पोखरून भरले होते आणि पुन्हा शिवलं होतं.

"कोणाला सांगू नकोस हं ताई. सर म्हणतील आगाऊपणा. मार्था किती दिवस करायची गं?"

इथे मी थांबते, कारण इथेच ते होतं. "अगं वेडे, मी थाप मारली." एवढंच म्हणायचं होतं. दळण आणायला सांगावं इतकं सोपं वाक्य. सर काय म्हणाले होते ते मला पाठ होतं, मोठा पण जड नव्हे, खांदा जातो. मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय माझ्यापाशी नाही. पण ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू पहिल्यांदाच त्या चाचणीच्या बाबतीत मला तिच्याहून जास्त कळत होतं. मला तिला दुखवायचं नव्हतं. हे मी देवासमोर सांगेन. मला फक्त आणखी थोडा वेळ ताई राहायचं होतं.

मी म्हटलं, "सहा महिने."

"माझ्याकडे तर तीन आठवडेच आहेत." तिनं बोटांवर काहीतरी मोजलं. "मग मी दोनशेऐवजी तीनशे करते."

ती पहाटे पाचला उठून मागच्या बोळात जायची. बोळाच्या टोकाला भिंतीला तिनं पोत्यांची गादी टेकवली होती. अंथरुणातून मला ऐकू यायचं. आधी तिचा श्वास, टाका ओढताना सोडतात तसा, मग तो धप्प. दुसऱ्या आठवड्यात धप्पच्या आधी एक बारीक आवाज यायला लागला, दातांतून निघणारा. मी उशी कानावर घेतली. ती डाव्या हातानं वेणी घालायला लागली. आईनं विचारलं, "काय गं, हात का आखडतेस?" तर म्हणाली, "नवं हाड येतंय." आईला वाटलं, विजूची संगत लागली हिला. तिनं तिळाचं तेल गरम करून चोळलं, रात्रीच्या भाकरीवर लोण्याचा गोळा जास्त ठेवला, आणि विषय संपला. मैदानावर ती पूर्वीइतकंच नेमकं फेकत होती, उलट अधिक जोरात. सर खूश होते. म्हणजे त्यांनी तिला दोनदा शिव्या दिल्या.

चाचणीच्या दिवशी सकाळी आईनं गूळपाणी दिलं. मैदानावर आठ-दहा शाळांच्या मुली, तीन निवड करणारे परगावचे लोक, आणि एका बाजूला सायकल टेकवून उभे असलेले अण्णा. कामाच्या दिवशी अण्णा दुकान बंद करून आलेले मी त्यापूर्वी एकदाच पाहिले होते, आजोबा गेले तेव्हा. कुंदाचं नाव पुकारलं. तिनं साधा चेंडू हातात घेतला आणि माझ्याकडे बघून हसली. त्या महिन्यानंतर तो तिला खरंच लिंबाएवढा वाटत असणार. पहिला चेंडू गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला कॅचरनं मोजा काढून हात झटकला आणि परगावच्या एका गृहस्थांनी शेजारच्याचं कोपर धरलं. चौथ्याला बाकीच्या शाळांच्या मुली कडेला येऊन उभ्या राहिल्या. पाचव्याला तिचा हात वर गेला आणि खाली आलाच नाही. म्हणजे आला, पण तिचा असल्यासारखा आला नाही. चेंडू तिच्या पायाशीच पडला. वाळलेली फांदी मोडावी असा आवाज मी ऐकला. इतरांना तो ऐकू आला नाही असं सगळ्या म्हणाल्या. ती खाली बसली नाही, रडली नाही. डाव्या हातानं उजवा हात धरून तिनं सरांना विचारलं, "सर, माझे पाच चेंडू धरतील का?"

अण्णा तिला टांग्यातून डॉक्टरांकडे घेऊन गेले. मी जायला निघाले तर सरांनी मला अडवलं. त्यांचा चेहरा पुठ्ठ्यासारखा झाला होता. "पुढचं नाव तुझं आहे."

मी फेकले. देवाशप्पथ सांगते, आयुष्यात मी इतकं चांगलं कधी फेकलं नव्हतं. मला घेतलं.

संध्याकाळी सर घरी आले. कुंदाचा खांदा आणि हात प्लॅस्टरमध्ये बांधून तिला आतल्या खोलीच्या दारात गादीवर टेकवून बसवलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हाड जुळेल, पण आतल्या शिरा आणि स्नायू फाटलेत. हात खांद्याच्या वर जाणार नाही, फेकण्याचं नाव काढू नका. सर उभ्यानंच म्हणाले, "हे एका दिवसाचं नाही. अण्णा, तो चेंडू बघू." सर त्यांना अण्णा म्हणाले ते पहिल्यांदा आणि शेवटचं.

अण्णांनी फडताळातून चेंडू काढला. हातात घेताच त्यांचा हात खाली गेला. त्यांनी तो दिव्याखाली धरला, टाक्यांवरून अंगठा फिरवला आणि हळूच म्हणाले, "ही शिलाई माझी नाही." मग दाभण घालून उसवला. आतून शिसं ओघळलं. जमिनीवर क, ळ, वेलांट्या, मात्रा, जोडाक्षरं, मोडके काने, पार आईच्या पोळपाटाखालपर्यंत. बराच वेळ ती अक्षरं ओघळत राहिली. आईचे हात पिठाचे होते, ते तसेच तिनं तोंडावर घेतले.

"कुंदा," अण्णा म्हणाले, "हे कोणी सांगितलं तुला?"

कुंदानं माझ्याकडे बघितलं. मी उतरंडीला टेकून उभी होते. आईला आणि अण्णांना ती मार्थाची गोष्ट आठवत नव्हती. माझ्या रोजच्या दहा गोष्टींतली ती एक, कोण लक्षात ठेवतो? एका माणसानं लक्षात ठेवली होती. मी तोंड उघडलं. उघडलं होतं, हे मी ठामपणे सांगते.

"कोणी नाही," कुंदा म्हणाली. "माझं मलाच सुचलं."

मी तोंड मिटलं.

सर निघून गेले. अण्णा गुडघ्यांवर बसले आणि एकेक खिळा वेचायला लागले. मी मदतीला वाकले तर म्हणाले, "राहू दे." सगळी अक्षरं त्यांनी रुमालात बांधली आणि सकाळी दातारकाकांना नेऊन दिली, हात जोडून. त्यानंतर त्यांनी मला किंवा कुंदाला दाभण हातात घेऊ दिलं नाही. पुढे कितीतरी वर्षांनी, शेवटच्या आजारात, मी त्यांचे पाय चेपत होते तेव्हा ते छताकडे बघून म्हणाले, "मुलींना शिलाई शिकवायला नको होती. माझ्यामुळे झालं ते." मी म्हटलं, "काहीतरीच काय अण्णा." एवढंच म्हटलं. तेव्हाही.

जबलपूरला मी गेले. आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. कुंदानं एका हातानं माझी वळकटी आवळली, पट्ट्याचं टोक दातात धरून. तिथे काय झालं ते मी कोणाला सांगितलं नाही. लोकांना नवल वाटतं, कारण पानशेतच्या सहलीच्या माझ्याकडे अकरा गोष्टी आहेत, जबलपूरची एकही नाही. आल्यावर मी सॉफ्टबॉल सोडला. घरचे म्हणाले, बहिणीवरच्या मायेनं सोडला. कुंदा शिकली, शाळेत मराठीची शिक्षिका झाली, आणि चौतीस वर्षं फळ्याच्या खालच्या अर्ध्या भागातच लिहीत राहिली. मुलांना वाटायचं, मागच्या बाकांवरून नीट दिसावं म्हणून बाई खाली लिहितात.

हे प्रकरण लिहायचं ठरवलं तेव्हा मी आधी कुंदाकडे गेले. तिला सांगायचं आणि मग लिहायचं. कर्वेनगरला ती मुलाकडे राहते. दुपारची वेळ होती. तिची नात ईरा, बारा वर्षांची, बैठकीत एक मोठा पिवळा चेंडू वर उडवून झेलत होती. ती सॉफ्टबॉल शिकते हे मला माहीत नव्हतं.

"ताई, बघ तरी," कुंदा म्हणाली, "आता हे दुकानात मिळतात. मोठे." तिनं तो माझ्या हातात दिला. पिसासारखा हलका. "हिचे सर म्हणतात, मोठा हवा, जड नको. आपल्या वेळी कोणाला कळत होतं?"

मी म्हटलं, "कुंदे, मला तुला एक सांगायचंय."

"थांब, आधी हिला सांग. ही माझ्यावर विश्वास ठेवत नाही."

"अगं आजी, मी सर्च केलं ना," ईरा म्हणाली. "मार्था नावाची अशी कोणी प्लेअरच नाहीये. शिसं भरून कोण प्रॅक्टिस करेल? इट्स क्रेझी."

"तुझ्या फोनात काय सगळं जग आहे? जुनी गोष्ट आहे ती. ताईनं फोटो दाखवला होता मला. ताई, सांग ना हिला." कुंदा माझ्याकडे बघत होती. सत्तरी उलटलेली बाई, आणि डोळे फडताळासमोरचे. "होती ना?"

ईराही बघत होती. तिच्या नजरेत हसू होतं. तिला उत्तर माहीत होतं. मी नुसतं गप्प राहिले असते तरी चाललं असतं. पण मग कुंदाला कळलं असतं की तो खांदा कशासाठी गेला. कशासाठीच नाही. साबणासाठी. भरल्या ताटावरच्या माझ्या दोन मिनिटांसाठी. गप्प बसवलं नाही ते तिच्यासाठी, की माझ्यासाठी, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

"होती," मी म्हटलं.

कुंदाचा चेहरा उजळला. "बघ!" ती नातीला म्हणाली. "ती करायची, तिला जमलं. पद्धतीत काही चूक नव्हती. माझंच हाड कच्चं निघालं, त्याला कोण काय करणार?" आणि डाव्या हातानं उजवा हात उचलून, टेबलावरची लाडवांची बशी तिनं माझ्याकडे सरकवली. "घे ताई. तुझ्यासाठीच केलेत."